तक्रारदाराचे समाधान झाले आहे

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणाले. सरकारी कार्यालयात अख्खं आयुष्य काढलेल्या बाईकडे गमतींना तोटा नसतो. पण लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर माझं डोकं तापलं. तेव्हा गमती येतील तशा येतील. राग आधी येणार आहे, आणि त्याला माझा इलाज नाही.

मी अकोल्याच्या एका मोठ्या सरकारी कार्यालयात तक्रार शाखेत होते. आधी कनिष्ठ, मग वरिष्ठ, शेवटी शाखेची प्रमुख. पद वाढलं तरी टेबल तेच राहिलं, पश्चिमेच्या खिडकीजवळचं. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्यावर हात ठेवला की चटका बसायचा. कूलर साहेबांच्या दालनात होता आणि त्याचा फक्त आवाज आमच्यापर्यंत यायचा. जिल्ह्यातल्या कोणत्याही सरकारी विभागाविरुद्ध कुणाचंही गाऱ्हाणं असो, ते फिरून माझ्या टेबलावर यायचं.

लोकांना वाटतं, तक्रारी म्हणजे लाचलुचपत, भांडणं, अतिक्रमणं. त्या असायच्याच. पण ज्या तक्रारदारांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत, ते वेगळे. त्यांनी सरकारचं काम करून दिलेलं असायचं आणि पैसे मिळालेले नसायचे. शाळेची बाकं करून देणारा सुतार, निवडणुकीचा मंडप टाकणारा, पाण्याची जळालेली मोटर बांधून देणारा, वसतिगृहाला भाजी पुरवणारा अकोटकडचा माळी. मोठे ठेकेदार माझ्याकडे कधीच आले नाहीत. कुठं जायचं ते त्यांना पक्कं माहीत असतं. माझ्याकडे यायचे ते साहेबांच्या दारातून आत जायचीही ज्यांना चोरी, असे.

आता आमचा धंदा समजावून सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं की तक्रार केली म्हणजे कुणीतरी उठतो, जाऊन पाहतो, विचारपूस करतो. तसं काही नसतं. तक्रार आली की तिच्यावर गोल शिक्का बसतो आणि आवक क्रमांक पडतो. मग मी तिला एक पत्र जोडायचे आणि 'अहवालास्तव' पाठवून द्यायचे. कुणाकडे? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच. दवाखान्याच्या लेखापालानं बिल अडवलं अशी तक्रार असेल, तर अहवाल लिहिणार दवाखान्याचा लेखापाल. तो लिहायचा, तक्रारीत तथ्य नाही. फारच सरळ माणूस असला तर लिहायचा, कार्यवाही सुरू आहे. एवढ्या वर्षांत 'तक्रारीत तथ्य आहे' असं लिहिलेला एकही अहवाल मी पाहिला नाही. खोटं वाटेल, पण एकही नाही.

अहवाल आला की मी उत्तर लिहायचे. तो मसुदा माझा स्वतःचा, आणि लाज वाटते तरी सांगते, मला त्याचा अभिमान होता. "आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने संबंधित कार्यालयाकडून अहवाल प्राप्त झाला असून, प्रकरणी कार्यवाही सुरू असल्याचे कळविण्यात आले आहे. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे." कार्यवाही सुरू आहे, म्हणून तक्रार संपली. पुन्हा वाचून पाहा. काम झालं नाही हे आम्हीच कबूल करतो आणि त्याच श्वासात तुम्हाला घरी पाठवतो. पुढे मोबाईलवर गट आले तेव्हा शेजारच्या जिल्ह्यांतल्या तक्रार शाखांनीही हाच मसुदा उचलला. कुणीतरी अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं आणि मी ते घरी सगळ्यांना दाखवलं होतं.

एक गंमत सांगते, नाहीतर संपादक नाराज होतील. आमच्याच कार्यालयाला चहा पुरवणारा पुंडलिक नावाचा माणूस होता. बैठकांच्या चहाचं त्याचं बिल आमच्याच आस्थापना शाखेनं अडकवून ठेवलं होतं. कुणीतरी त्याला शिकवलं, तक्रार कर. त्यानं केली, ती माझ्याकडे आली. मी ती चार टेबलं पलीकडे आस्थापना शाखेला अहवालास्तव पाठवली. त्यांनी पुंडलिकचाच चहा पीत अहवाल लिहिला, देयक तपासणीत आहे. मी नेहमीचं उत्तर छापलं आणि चार वाजता तो किटली घेऊन आला तेव्हा टपालखर्च नको म्हणून त्याच्याच हातात दिलं. त्यानं उभ्याउभ्या वाचलं, घडी करून खिशात घातलं, माझा ग्लास भरला आणि म्हणाला, "बाई, तुमाले साखर किती टाकू? का तेबी तपासून सांगता?" सगळी शाखा हसली. मीही हसले. दोन महिन्यांनी तो यायचा बंद झाला आणि त्याच्या जागी दुसरा आला. त्याचं बिल निघालं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

दुसरे होते एक निवृत्त गुरुजी. दर सोमवारी हिरव्या शाईत लिहिलेली तक्रार घेऊन यायचे, आणि ती त्यांची स्वतःची नसायची. एका गवंड्यानं गुरुजींच्या शब्दावर शाळेची भिंत बांधून दिली होती. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून गुरुजी त्याच्या वतीनं यायचे. आम्ही त्यांना बघितलं की एकमेकींना खूण करायचो. एका सोमवारी आले नाहीत, मग आलेच नाहीत. त्यांची शेवटची तक्रार मीच निकाली काढली. उत्तर परत आलं, पाकिटावर पोस्टमननं 'मयत' लिहिलं होतं. मी ते पाकीट फाईलला लावलं. उत्तर पाठवल्याची नोंद लागतेच ना, म्हणून.

मग एक नियम आला. एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव घेऊन तक्रार असेल, तर तक्रारदाराच्या सहीचं समाधानपत्र चढवल्याशिवाय संगणकावर ती बंदच होत नाही. नियम करणाऱ्याचा हेतू चांगला असावा. पण आम्ही त्यालाही उत्तर शोधलं. एकतर नाव लिहूच द्यायचं नाही. "नाव कशाला घेता भाऊ, कार्यालयाविरुद्ध लिहा, काम लवकर होईल," असं गोड बोलायचं. आणि कुणी हट्टानं नाव लिहिलंच, तर त्याच्याकडून समाधानपत्र आधी घ्यायचं आणि काम नंतर करायचं. कारण तिकडचा लेखापाल म्हणायचा, तक्रार उघडी असताना मी बिलावर सही करणार नाही. इकडे बिल निघाल्याशिवाय तक्रारदाराचं समाधान होणार कसं? मग आम्हीच मध्ये पडायचो. भाऊ, आधी सही करा, तुमचं बिल निघते. बऱ्याचदा ते निघायचंही. म्हणून आम्हाला ही पद्धत माणुसकीची वाटायची.

समाधानपत्राचा छापील नमुनाही मीच केला होता. "माझ्या तक्रारीच्या अनुषंगाने माझे समाधान झाले असून याबाबत माझी कोणतीही तक्रार वा मागणी शिल्लक नाही." आधी फक्त 'तक्रार' होतं. 'वा मागणी' मी घातलं. साहेबांनी विचारलं, कशाला? मी म्हणाले, सर, मागाहून फाटे फुटायला नकोत. त्यांनी मान डोलावली. या दोन शब्दांनी पुढे काय केलं, ते आता सांगते.

अकोटचे रहमानभाई पिंजारी होते. वडील, आजोबा, सगळे कापूस पिंजून गाद्या भरणारे. यांच्या काळात पिंजायचं मशीन आलं. दुकान लहान, मागं मशीन, पुढं कापडाचे तागे, आणि ओट्यावर बसून लांब सुईनं टाके घालणाऱ्या त्यांच्या पत्नी. जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात वरून पाहणी येणार होती. तिथल्या गाद्यांचा कापूस गोळे होऊन गेलेला, कापड फाटलेलं. घाईघाईनं रहमानभाईंना काम दिलं. त्यांनी जुन्या गाद्या उसवल्या, कापूस पुन्हा पिंजला, लागेल तिथं नवा घातला, नव्या खोळी शिवल्या आणि पाहणीच्या आदल्या दिवशी सगळ्या खाटा तयार करून दिल्या. पाहणी झाली. दवाखान्याला शाबासकी मिळाली. बिल मात्र मिळालं नाही.

आधी सांगितलं, अनुदान आलं नाही. मग अनुदान आलं तेव्हा सांगितलं, कापसाच्या वजनाची पावती जोडा. पावती जोडली तर म्हणाले, हिच्यावर भांडारपालाची सही नाही. भांडारपालाची बदली झालेली. रहमानभाई माझ्याकडे आले. पांढरी टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद, आणि बोलणं एकदम थेट.

"बाई, म्या गाद्या देल्या. लोक झोपून राहिले त्याच्यावर. मंग बिल काहून नाई निंगत?"

मी शिक्का मारला, क्रमांक दिला, अहवालास्तव पाठवलं. उत्तर आलं, कार्यवाही सुरू आहे. मी निकाली काढली. त्यांनी पुन्हा केली, मी पुन्हा काढली. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी कुणाकडून तरी लिहून आणलेल्या अर्जात त्या लेखापालाचं नाव होतं. मी नेहमीचं गोड बोलून पाहिलं. ते म्हणाले, "नाव त्याचंच आहे ना बाई? मंग कोणाचं लिवू?" मी अर्ज घेतला.

मार्च चालू होता. मार्चअखेर आमच्याकडे प्रलंबित तक्रारींची यादी वर जायची आणि ती शून्य असावी असा दंडक होता. यादीत एकच उरली होती, रहमानभाईंची. लेखापालाचा फोन आला. "मॅडम, तुमी त्याच्याकडून समाधानपत्र घेऊन टाका ना. ह्याच अनुदानात बिल बसवून देतो मी. शब्द आहे माहा." मी खरंच विश्वास ठेवला का? अर्धा ठेवला. उरलेल्या अर्ध्या जागी ती शून्याची यादी होती.

रहमानभाईंना बोलावलं. ते अकोटहून एसटीनं आले, घाम पुसत खुर्चीवर बसले. मी नमुना पुढं केला. त्यांना मराठी वाचता यायची, पण सरकारी मराठी समजायची नाही. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणाले, तक्रार मिटली एवढंच लिहिलंय. 'वा मागणी' मी वाचून दाखवलं नाही.

"पण पैसे भेटल्याबिगर माहं समाधान कसं झालं बाई?"

"सही करून द्या ना भाऊ. बिल निघणारच आहे, लेखापालांनी शब्द दिलाय. मी सांगते ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हणता म्हून करतो," म्हणाले आणि सही केली. मला आठवतं, त्यांचं पेन चालेना. मी माझं दिलं.

त्या मार्चला आमची यादी शून्य झाली. साहेबांनी सत्कार केला आणि मला प्रशस्तिपत्र मिळालं, चौकटीसकट. बिल निघालंच नाही, मार्च संपला आणि अनुदान परत गेलं. लेखापालाचीही बदली झाली. त्याच वर्षी मी निवृत्त झाले आणि आम्ही अमरावतीला राहायला आलो. प्रशस्तिपत्र बैठकीत लावलं.

पुढच्या वर्षी एका सकाळी दारावर रहमानभाई उभे. पत्ता आमच्या कार्यालयातून घेतला होता. मी पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. दवाखान्याच्या नव्या लेखापालाचं पत्र होतं. "आपण दिलेल्या समाधानपत्रात कोणतीही मागणी शिल्लक नसल्याचे आपणच नमूद केले असल्याने, आपले देयक विचारात घेता येत नाही." खाली समाधानपत्राची प्रत जोडलेली. माझा नमुना, माझ्या पेनाची सही.

"मशीन तारण आहे बाई," ते म्हणाले. "कापूस जिनिंगवाल्याकडून उधार आणला होता दवाखान्यासाठी. तो म्हणते, पैसे नाई तं मशीन दे. लगीनसराईच्या आंधी घेऊन जाईन म्हणते. लगीनसराईतच तं आमचं वर्ष निंगते. मशीन गेलं तं मंग काय करू मी?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमाले माईत होतं का बाई, का त्याच्यात असं लिवलं आहे म्हून?"

मी म्हणाले, "हो. मीच लिहिलं होतं."

ते प्रशस्तिपत्राकडे पाहत म्हणाले, "चाय नको बाई. दहाची गाडी पकडतो." आणि निघून गेले. मी त्यांना थांबवलंही नाही. काय तोंडानं थांबवणार होते? त्या दिवशी मी ती चौकट काढून माळ्यावर टाकली. पण चौकट काढल्यानं कुणाचं मशीन वाचत नाही, एवढी अक्कल मला होती.

आधी मी त्या दवाखान्यात गेले, भेटीच्या वेळेत, कुणाला काही न सांगता. रहमानभाई आपल्या प्रत्येक गादीच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ मारायचे. गादी पुन्हा पिंजायला आली तर आपली ओळखू यावी म्हणून, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. मी बायकांच्या वॉर्डात एका खाटेजवळ वाकून चादर उचलली. गाठ होती. शेजारच्या खाटेवर होती. त्याच्या पुढच्या खाटेवरही होती. एका बाळंतिणीजवळ बसलेली म्हातारी मला न्याहाळत होती. ती म्हणाली, "काय पाहून राह्यली बाई? गादी चांगली आहे. बाकी कायीच धड नाई इथं." मी बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसले. इतका संताप मला कधीच आला नव्हता. नोकरीत रोज दुसऱ्यांचा संताप कागदावर पाहायचे आणि त्याला क्रमांक द्यायचे. तो स्वतःच्या अंगात आल्यावर कसा असतो, ते मला तेव्हा कळलं.

मग अकोल्याला आमच्या कार्यालयात गेले. माझ्या खुर्चीवर अर्चना बसते. तिला मीच तयार केलं. गुणी पोरगी, मसुदे माझ्याहून देखणे लिहिते. मी तिला म्हणाले, रहमानभाईंची तक्रार पुन्हा उघड.

"मॅडम, समाधानपत्र घेऊन निकाली निघालेली तक्रार त्याच विषयावर पुन्हा नाही घेता येत," ती म्हणाली. "तुमचंच परिपत्रक आहे."

खरं होतं. तेही मीच लिहिलं होतं. मी भिंतीकडे पाहत बसले. भिंतीवर नियमांचा तक्ता होता, माझ्याच अक्षरात. तो वाचता वाचता मला वाट दिसली. त्याच विषयावर नको ना? मग विषय दुसरा. मी तिच्याकडून कोरा कागद घेतला आणि तिथंच बसून अर्ज लिहिला. तक्रार शाखेच्या तत्कालीन प्रमुखांनी, म्हणजे मीच, काम झालेलं नसताना, मजकूर वाचून न दाखवता, तक्रारदाराकडून समाधानपत्र घेतलं, अशी तक्रार. विरुद्ध बाजूला माझं नाव. तक्रारदार म्हणून खाली सही, माझीच.

अर्चनानं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम, तुम्ही काहून असं करून राहिल्या? पेन्शनवर येईल तुमच्या."

"शिक्का मार," मी म्हणाले.

"नाव कशाला घेता मॅडम, कार्यालयाविरुद्ध लिहा ना."

हे वाक्य मी तिला शिकवलं होतं. मला हसूही आलं आणि तिच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. मग ध्यानात आलं की वाजवायची तर माझ्याच. तिनं शिक्का मारला.

घरी आमच्या ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. मग म्हणाले, "तुले काय पडलं आहे आता? साऱ्या ऑफिसात तू एकटीच चुकली का?" नव्हते चुकले एकटी. पण बाकीच्यांना रहमानभाईंनी "तुमी म्हणता म्हून" म्हटलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी नोंदणीकृत टपालानं पत्र आलं. मी ते जेवणाच्या टेबलापाशी उघडलं. "आपणाविरुद्ध प्राप्त तक्रारीच्या अनुषंगाने आपला स्वयंस्पष्ट अहवाल सात दिवसांत सादर करावा." ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडून अहवाल. पद्धत बिनचूक पाळली होती. माझ्याविरुद्धची माझी तक्रार अहवालासाठी माझ्याकडेच आली होती. ह्यांनी पत्र वाचलं आणि पहिल्यांदा हसले. "आता लिव, तथ्य नाई," म्हणाले. "सुटशीन."

मी लिहायला बसले. हाताला वळण होतंच, 'तक्रारीत तथ्य' इथपर्यंत पेन आपोआप गेलं. मग थांबलं. मग मी लिहिलं, आहे. तक्रारीत तथ्य आहे. पुढे सगळं लिहिलं. लेखापालाचा फोन, मार्चची यादी, न वाचून दाखवलेले दोन शब्द, दवाखान्यातल्या लाल गाठी. ज्या खाटांवर पाहिल्या, त्या खाटांचे क्रमांकही लिहिले. चार पानं झाली. नोकरीत मी इतकी लांब आणि इतकी खरी गोष्ट कधी लिहिली नव्हती.

अर्चनाचा फोन आला. आवाज दबका. "मॅडम, असा अहवाल आल्यावर पुढं काय करतात? त्याचा मसुदाच नाही आपल्याकडे."

"नाही. मी केलाच नाही," मी म्हणाले. "आता तू कर."

सुनावणी झाली, तिला रहमानभाईंनाही बोलावलं होतं. नवे साहेब तरुण होते. त्यांना माझा राग आला की कीव, ते कळलं नाही. मला समज दिली गेली आणि ती मी घेतली, ती माझीच होती. त्यांनी समाधानपत्र रद्द केलं आणि दवाखान्याला लेखी कळवलं की देयक विचारात घ्यावं. शेवटी कारकुनानं इतिवृत्त रहमानभाईंपुढे सहीला ठेवलं. रहमानभाईंनी कागद उचलला, परत दिला आणि म्हणाले, "वाचून दाखव. सारं वाच." त्यानं वाचलं. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "इथं लिव, मागणी शिल्लक आहे म्हून. मंग करतो सही." साहेबांनी ओळ घालायला सांगितली. रहमानभाईंनी खिशातून स्वतःचं पेन काढलं.

ते इतिवृत्त पाहून जिनिंगवाल्यानं या दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा मुदत संपत आलेली असेल. बिल अजून निघालेलं नाही. ते 'विचारात' आहे. विचार करायला किती वेळ लागतो, हे सरकारला विचारायची माझी फार इच्छा आहे, पण त्याचा अहवाल कुणाकडून येईल ते मला ठाऊक आहे.

एक मात्र झालं आहे. माझी तक्रार कर्मचाऱ्याच्या नावाविरुद्ध आहे, म्हणजे तक्रारदाराच्या समाधानपत्राशिवाय ती संगणकावर बंद होत नाही. आणि तक्रारदार मी आहे. सुनावणी झाल्याबरोबर कार्यालयानं मला नमुना पाठवला. "माझी कोणतीही तक्रार वा मागणी शिल्लक नाही." तो कोरा नमुना मी स्वयंपाकघरात, फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला आहे. दर महिन्याला बैठकीच्या दिवशी अर्चनाचा फोन येतो. परवाही आला.

"मॅडम, साहेब विचारून राहिले, जिल्ह्याच्या यादीत ही एकच कोणाची अटकून आहे म्हणून."

"माझी आहे, असं सांग."

"सही करून द्या ना मॅडम. बिल निघणारच आहे, लेखापालांनी शब्द दिलाय."

"निघू दे," मी म्हणाले. "मग करते."